चौथं बोट

पियानो मी आयुष्यात एकदाच समोरासमोर पाहिला. सिव्हिल लाइन्समधल्या एका लग्नात, आणि त्याच्यावर कोशिंबिरीचे वाडगे मांडून ठेवले होते. तरीही मागचा अख्खा उन्हाळा मी पियानो वाजवणाऱ्या हातांसोबत काढला. मी ॲनिमेशन करते. शेजारच्या काकूंना त्याचा अर्थ कार्टून असा लागतो आणि माझं कार्टून टीव्हीवर कधी येणार, हे त्या अजूनही विचारतात. आमचा स्टुडिओ छोटा, कामं बाहेरदेशची. माझं बरंचसं काम मानेवाड्याच्या घरातूनच चालतं. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल, पाठीशी कूलर, आणि कूलरचं पाणी संपलं की माझं डोकंही संपलेलं असतं.

काम ऐकायला सोपं होतं. परदेशातलं एक पियानो शिकवणारं ॲप. शिकणाऱ्याला पडद्यावर दोन हात दिसायला हवेत, खऱ्यासारखे, नखांसकट, आणि त्यांनी धडा वाजवून दाखवायला हवा. संगीताची फाईल तिकडून येणार, हात आम्ही द्यायचे. ती फाईल म्हणजे गाणं नव्हे, तिच्यात आवाजच नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच तिला ठाऊक असतं. कोणत्या बोटानं दाबली हे मात्र तिच्यात कुठेही नसतं, आणि आमची सगळी रड तिथेच होती.

बोट ठरवायचं काम प्रोग्रामवर सोपवलं की तो सगळ्यात जवळचं बोट उचलून द्यायचा. त्याच्या परीनं ते बरोबरच. पण वाजवणारा माणूस आताच्या सुराचा विचार करून बोट टाकत नाही, पुढे कुठे जायचंय ते पाहून टाकतो. मग व्हायचं असं की अंगठा करंगळीच्या पलीकडे जाऊन बसायचा, दोन बोटं एकमेकांत शिरायची, आणि कुणीतरी वीज गेल्यावर माचिस शोधतंय तसा तो हात दिसायचा. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून पाहून माझे डोळे फुटायची वेळ आली. त्यात वाजवणाऱ्याचा चेहरा फार सुंदर दिसायचा, बोटं मात्र दिसायची नाहीत.

खरं तर बोटांचा माणूस घरातच होता. माझा नवरा. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते आणि त्या उमरेडला गेल्या की अरे. कुही तालुक्यातल्या मामाच्या गावी तो लहानाचा मोठा झाला, तिथल्या भजनी मंडळात पेटी शिकला, आणि पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायला लागला. धान निघालं की तिकडे रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, मंडप पडतात, गावोगावी नाटकं लागतात, आणि गाण्यांशिवाय त्या नाटकांचं पान हलत नाही. हंगामात तो महिनोन्महिने घरी नसायचा. आला की झोपेतसुद्धा त्याची बोटं माझ्या पाठीवर चालायची. मी वैतागायचे, पण ते मला आवडायचं.

मग एका हंगामानंतर त्यानं ते सगळं सोडलं. नाटक कंपनीवाले आता रेकॉर्ड केलेले ट्रॅक लावतात, वाजवणारा माणूस त्यांना जड होतो, असं त्यानं सांगितलं. मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, सगळीकडे तेच चाललंय. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्याला स्टोअर सांभाळायचं काम मिळालं. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं, जेवायचं आणि पडायचं. घरातलं वाजवणं बंद झालं. मी विचारलं की थकलो म्हणायचा, आणि दिवसभर गाठोडी मोजून आलेल्या माणसाला मी तरी किती टोचणार?

पियानोचं काम आलं तेव्हा मी त्याला बोटं सांगायला बसवलं. तो आधी नको म्हणाला, मग कूलरच्या समोरची जागा मिळणार असेल तर हो म्हणाला. पलंगावर मांडी घालून, दोन्ही हात काखेत दाबून तो बसायचा. सूर तपासायला स्टुडिओनं एक छोटा कीबोर्ड दिला होता. त्याच्यावर मी एका बोटानं धडा टिंगटिंग वाजवायचे, तो डोळे मिटून ऐकायचा आणि आकडे सांगायचा. पियानोवाले अंगठ्याला एक म्हणतात आणि करंगळीला पाच. एक, दोन, तीन, अंगठा खालून काढ, एक, दोन, तीन, पाच. मी ते आकडे सुरांखाली भरत गेले, आणि पडद्यावरचा हात चालायला लागला. अगदी माणसासारखा. वळणावर मनगट आधी वळायचं, मग बोटं यायची. मी खुर्चीतून उठून त्याच्या डोक्यावर चापट मारली, इतका आनंद मला झाला होता.

त्या संध्याकाळी फार चांगल्या गेल्या. किती वर्षांनी आम्ही दोघं एका गोष्टीत डोकं घालून बसलो होतो. तो पडद्यावरच्या हाताला नावं ठेवायचा, याला थोडं जेवू घाल, फार सुकलाय म्हणायचा. मी मनगट जाड केलं की आता हा हवालदार झाला म्हणायचा. एकदा मी म्हटलं, आकडे काय सांगतोस, वाजवूनच दाखव ना. तर म्हणाला, असल्या खेळण्यावर मी वाजवत नाही. त्याचा तोरा मला ठाऊक होता. मी सोडून दिलं.

धडे पाठवले, आणि काही दिवसांनी स्टुडिओच्या साहेबांचा फोन आला. ते जबलपूरचे, हिंदीतच बोलतात. तिकडची पियानोची मास्तरीण सगळे धडे बघत होती आणि तिला एक शंका होती.

"मॅडम, वो पूछ रही है, ये आदमी चौथी उंगली क्यों नहीं लगाता? चोट लगी है क्या इसको?"

मी फोन कानाला तसाच ठेवून धडे उघडले. उजव्या हाताचं चौथं बोट, करंगळीशेजारचं, एकाही पट्टीवर पडत नव्हतं. बाकीची कामाला लागलेली आणि ते आपलं हवेत, पाहुण्यासारखं. डाव्या हातात असं काही नव्हतं, तिथे पाचही बोटं राबत होती. मला कारण लगेच सुचलं आणि मी साहेबांना ते ठसक्यात ऐकवलं. आमच्याकडची माणसं पेटीवर शिकतात. पेटीत डावा हात भात्याला, उजव्याची तीनच बोटं मुख्य, करंगळी फक्त लांबच्या सुराला. हा पेटीवाल्याचा हात आहे, म्हणून असा. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते जसंच्या तसं तिकडे कळवलं. तिकडून फार गोड शब्दांत उत्तर आलं की माहिती छान आहे, पण आमच्या मुलांना चौथं बोट शिकवावं लागतं, तेव्हा सगळे धडे पुन्हा करा.

संध्याकाळी मी नवऱ्याला हे हसत हसत सांगितलं. तुझ्या पेटीनं मला बुडवलं म्हटलं. तो हसला नाही. हो, पेटीचीच सवय, एवढं म्हणून तोंड धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा बसवलं आणि आता चार पण सांग म्हटलं. त्यानं दोन ओळी सांगितल्या आणि डोकं दुखतंय म्हणाला. त्याच्या पुढच्या दिवशी कंपनीची बस उशिरा आली. मग पोट बिघडलं. शेवटी माझं टाळकं सरकलं. आकडे सांगायला पोट कशाला लागतं, असं मी ओरडले, आणि तुझ्या हलगर्जीपणामुळे माझं काम जातंय हेही बोलले. तो गच्चीवर जाऊन बसला. भर उन्हाच्या दिवसांत, संध्याकाळी गच्ची तापलेली असते, तिथे.

रविवारी तो सासूबाईंना आणायला उमरेडला गेला होता. काम तर करायचंच होतं. मी जुन्या फोनमध्ये त्याच्या हाताचा बाजूनं काढलेला एखादा व्हिडिओ मिळतो का ते शोधायला बसले. मिळाला. झाडीपट्टीतलं स्टेज, त्याच्या साथीदारानं तबल्याच्या बाजूनं काढलेला. नाटकाच्या आधीची नांदी चालली होती. मी तो व्हिडिओ हळू करून पाहिला, मग अजून हळू. उजव्या हाताचं चौथं बोट धावत होतं. काळ्या पट्टीवर नेमकं पडत होतं, उचललं जात होतं, करंगळीच्या आधी पोचत होतं. पेटीची सवय वगैरे सगळं झूट होतं.  ट्रॅकची गोष्टही मग तसलीच असेल, हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि आधी भीती वाटायच्या ऐवजी मला राग आला. आपल्याला येड्यात काढलं गेलं याचा राग.

तो आला तेव्हा सासूबाई थेट आंघोळीला गेल्या. मी त्याला बेडरूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि फोन समोर धरला.

"हे कोणाचं बोट आहे?"

त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग पलंगावर बसला. "चालत होतं तवा," तो म्हणाला.

नंतर त्यानं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, माझ्याकडे न पाहता. शेवटच्या हंगामात एकदा भर नाटकात जलद तान घेताना ते बोट आत वळलं. आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं. पुढच्या गावी पुन्हा वळलं. मग ते रोजचंच झालं. पट्टीवर हात ठेवला की बोट आपोआप तळव्याकडे मिटायचं, हात उचलला की सरळ. दुखायचं नाही, सुजायचं नाही. त्यानं बोटं बदलून पाहिली, गाण्याची पट्टी बदलून पाहिली, गायकाला उगाच वरच्या सुरात गायला लावलं आणि शिव्या खाल्ल्या. नाटक कंपनीतल्या कुणाच्या लक्षात यायच्या आत तो आपणहून बाहेर पडला. ट्रॅक वगैरे काही आले नव्हते. त्याच्या जागी दुसरा वाजवणारा आला होता.

मी विचारलं की डॉक्टरकडे का गेला नाहीस, तर तो गेला होता. मला न सांगता, एकापेक्षा जास्त डॉक्टरांकडे. त्यांनी हात दाबून पाहिला, मूठ आवळायला लावली, सही करायला लावली, शर्टाची बटणं लावायला लावली. सगळं ठणठणीत. ताण कमी घ्या म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

"डॉक्टर म्हणे, हाताले काहीच झालं नाही. मग काय झालं वं मले? मी नाटक करून राहिलो का?"

मी त्याच्यावर चिडायचं ठरवून दार लावलं होतं. ते राहूनच गेलं. आपण वेडे होत चाललोय असं या माणसाला वाटत होतं आणि तो ते डब्यासोबत रोज बुटीबोरीला घेऊन जात होता. मला त्याची इतकी दया आली की मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. त्याच्यासमोर रडले असते तर त्याला आणखीनच वाईट वाटलं असतं.

मग मी वाचायला लागले. वाजवणाऱ्या माणसांना असं होतं, जगभर होतं, आणि दोष हाताचा नसतो, हाताला हुकूम देणाऱ्या मेंदूचा असतो, एवढं मला कळलं. कुणाचं सुधारतं, कुणाचं नाही. धंतोलीत मेंदूच्या विकारांचे एक डॉक्टर होते, त्यांची वेळ घेते म्हटलं. तो येईना. तिथेही टेबलावर हात ठेवला की हात शहाण्यासारखा वागणार आणि आपण पुन्हा खोटे ठरणार, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आपण कीबोर्ड सोबत नेऊ म्हटलं. अनोळखी माणसासमोर मी वाजवणार नाही म्हणाला. इथे घरी वाजव, मी व्हिडिओ काढते म्हटलं. माझ्यासमोर तर मुळीच नाही म्हणाला. मी डोक्याला हात लावून बसले.

पण धड्यांची आकडेमोड त्यानं पूर्ण करून दिली. आता लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून असेल, चौथं बोट कुठे पडायला हवं ते तो न अडखळता सांगायचा. इथे चार. इथे चारच, पाच टाकलं तर पुढे अडकशील. त्याला सगळं येत होतं. कुठलं बोट कुठे, किती दाबून, कधी सोडून, सगळं त्याच्या डोक्यात शाबूत होतं, फक्त हातात उतरत नव्हतं. शेवटचा धडा बसला तेव्हा मी तो पूर्ण वेगानं लावला. पडद्यावरचा हात पाचही बोटांनी असा काही वाजवायला लागला की मीच त्याच्याकडे पाहायचं टाळलं. नवरा मात्र पाहत राहिला. पुन्हा लाव म्हणाला, मी लावला.

"आता याले बिघडव," तो म्हणाला.

मला कळलं नाही. त्यानं समजावलं की या हाताचं चौथं बोट माझ्यासारखं कर. ते डॉक्टरला दाखव. तोंडानं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, आणि वाजवून दाखवणं माझ्यानं होणार नाही. डॉक्टरनं डोळ्यानं पाहिलं तर मानेल. मी यावर हसले असते, पण त्याचा चेहरा पाहून हसू आलं नाही. मग मी कामाला लागले.

एवढं अवघड काम मी कधी केलं नव्हतं. पहिल्या खेपेला मी बोटाला थरथर दिली. मला काय शॉक लागला का, म्हणाला. मग मी ते झटक्यानं आत ओढलं. तसं नाही, दुखत नाही ते. मग हळू वळवलं. हे तर झोपलेल्या माणसाचं वाटतं. मग वाटलं की वेळ चुकत असेल, म्हणून पट्टी दाबल्यावर वळवायच्या ऐवजी दाबताना वळवलं. तो म्हणाला, त्याच्याही आधी. किती आधी? तर म्हणे, तो सूर मनात आला की. आता ते मी कुठे टाकणार होते? माझ्या फाईलमध्ये पट्टी दाबल्यापासूनच सगळं सुरू होतं, मनाची तिच्यात सोय नाही. सबंध दुपार आम्ही त्या एका बोटाला पुढेमागे करत राहिलो. सासूबाई मध्येच येऊन चहा ठेवून गेल्या आणि पडद्यावरचा वाकडा हात पाहून निघून गेल्या. मी नवऱ्याचं आजारपण माझ्या हातानं, एकेका हाडाला धरून घडवत होते, आणि ते मला जमतही नव्हतं. मला स्वतःचाच तिटकारा आला.

शेवटी माउस आपटून मी म्हटलं, मला नाही जमत, मला ते दिसलेलंच नाही.

तो पलंगावरून उठला. मला वाटलं, गेला गच्चीवर. पण त्यानं कूलर बंद केला, मला खुर्चीवरून उठायला सांगितलं आणि तिथे बसला. शर्टाला दोन्ही तळवे पुसले. तो छोटा कीबोर्ड, ज्याला इतके दिवस खेळणं म्हणत होता, त्यानं पुढे ओढला.

तीच नांदी होती. पहिल्या ओळीत काहीच झालं नाही आणि मला मूर्खासारखी आशा वाटली. दुसऱ्या ओळीला सूर वर चढायला लागले, आणि चौथं बोट मिटलं. थरथर नाही, झटका नाही. शांतपणे, जणू कुणी त्याला आत बोलावलं, तसं ते तळव्यात जाऊन बसलं. करंगळीही त्याच्यामागे थोडी ओढली गेली. उरलेली बोटं त्याच्या वाटणीचे सूर वेचत लंगडत पुढे गेली, काही सुटले, काही दोनदा वाजले. तो थांबला नाही. मी माझ्या सगळ्या प्रयत्नांत हेच चुकवलं होतं. मी बिघडलेलं बोट बनवत होते, आणि इथे ते एक बोट सोडून बाकी सगळा हात जिवाचं रान करत होता.

आणि तो हाताकडे पाहतच नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता, मी काय तोंड करते ते. मी खूप प्रयत्न केला, पण माझं तोंड सरळ राहिलं नाही.

"दिसलं?" त्यानं विचारलं. बोटं अजून पट्ट्यांवरच होती.

"दिसलं."

"खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हणाले. "तू नाटक नव्हता करून राहिला."

त्यानं मान हलवली, टेबलावरचा माझा फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.